करंगळीएवढ्या सुऱ्या

गोजरबाईनं आपल्या सुऱ्या नदीत सोडाव्यात, यावर सगळ्या घराचं एकमत झालं. एवढं एकमत त्या घरात आमटीतल्या मिठावरसुद्धा कधी झालं नव्हतं. लेक रामनाथ, सून मंगल आणि लग्न ठरलेली नात हर्षाली अशी तिघं ओट्यावर ओळीनं बसली होती, आणि समोर गोजरबाई भुईमुगाच्या शेंगा फोडत होती.

"आई, नात मोठी का सुऱ्या मोठ्या?" रामनाथनं विचारलं.

"नात मोठी," गोजरबाई म्हणाली. "सुऱ्या बारीकच हायती. म्हणून तर गोळा केल्या."

रामनाथनं कपाळाला हात लावला. म्हातारीशी बोलताना त्याचा हात दिवसातून चार वेळा तरी तिथं जायचा.

भानगड अशी होती. हर्षालीचं लग्न पंधरवड्यावर आलेलं. निरगुडसरात लग्न म्हणजे भाऊकी आली, आणि भाऊकी म्हणजे आधी सख्खी जाऊ आली. गोजरबाईची धाकटी जाऊ प्रयागबाई बांधापलीकडंच राहायची. इकडं खोकलं तर तिकडं ऐकू जावं एवढंच अंतर, पण दोघींत अठरा वर्षं बोलणं नव्हतं. पोरांचं मात्र जमलं होतं. रामनाथ आणि प्रयागबाईचा दादाभाऊ एकाच टेम्पोत टोमॅटोचे क्रेट घालून नारायणगावच्या मार्केटला जायचे. दादाभाऊनंच आईला हळदीचं विचारलं, आणि आईचा निरोप घेऊन आला: "त्या सुऱ्या नदीत सोडा, मग मी येते. त्या घरात हायती तवर त्या उंबऱ्याला पाय लावायची न्हाई."

आता त्या सुऱ्यांबद्दल सांगायला हवं, नाहीतर कुणाला वाटेल म्हातारीनं घरात शस्त्रागार मांडलंय. गोजरबाईचा नियम होता, करंगळीपेक्षा लांब सुरी घ्यायची नाही. पहिली घेतली ती माहेरी, निमगाव साव्याच्या यात्रेत. बांगड्या भरायला दिलेले पैसे तिनं पितळी मुठीच्या एका इवल्याशा सुरीला घातले आणि मोकळ्या हातांनी घरी आली. वडील म्हणाले, पोरीच्या जातीनं सुरी घेऊन करायचं काय? तिला उत्तर देता आलं नाही, पण सुरीही दिली नाही. तिथून जे सुरू झालं ते पासष्टी उलटली तरी थांबलं नाही. एका घिसाडणीनं पाल टाकलं असताना तिच्याकडून लिंबाच्या फोडीएवढी विळी घडवून घेतली. माशाच्या आकाराचा घडीचा चाकू घेतला, ज्याच्या शेपटीतून पातं निघायचं. द्राक्षाच्या बागेवर राखणीला असलेल्या नेपाळ्यानं त्याच्या किल्लीला लावलेली कुकरी दिली, ती तीन दिवस त्याला जेवू घातल्यावर. ऊसतोडीचा कोयता होता, सुपारीएवढ्या मुठीचा. या सगळ्या सुऱ्यांसाठी तिनं एक छोटी गोधडी शिवली होती, तिला कप्पेच कप्पे. दर अमावस्येला ती गोधडी उलगडून सुऱ्यांना खोबरेल तेलाचं बोट लावायचं आणि पुन्हा गुंडाळी करायची. नवरा धर्माजी असेपर्यंत त्यानं कधी अडवलं नाही, आणि कधी एखादी आणूनही दिली नाही.

"कशाला लागतात गं या?" असं कुणी विचारलं की ती म्हणायची, "कशालाच न्हाई. कामाचं समदं घराचं. बिनकामाचं येवढंच माझं."

बाईमाणसाचं असं बोलणं गावाला रुचत नाही. साड्या जमव, भांडी जमव, फार तर देव जमव, कोण नाही म्हणतंय? पण सुऱ्या म्हटलं की लोकांना लगेच काहीतरी वाकडं दिसायला लागतं. त्यात हल्ली पुण्यात पोरं कोयते नाचवत व्हिडिओ काढायला लागल्यापासून रामनाथला आणखी एक निमित्त मिळालं होतं. "उद्या पोलीस आलं तर?" तो म्हणायचा. "येऊ दे," गोजरबाई म्हणायची. "माझ्या कोयत्यानं भेंडी कापायला बसलं तर त्यांची ड्यूटी संपंल."

पण प्रयागबाईचं दुखणं वेगळं होतं. आपल्याकडं सुरी कुणी कुणाच्या हातात देत नाही. खाली ठेवायची, दुसऱ्यानं उचलून घ्यायची. हातात दिली की भांडण होतं, नातं तुटतं. अठरा वर्षांपूर्वी कांद्याच्या काढणीत प्रयागबाईच्या टाचेत बाभळीचा काटा मोडला. गोजरबाईनं कमरेच्या पिशवीतली पितळी सुरी काढली आणि तिच्या हातात दिली. रक्त वाहत असताना खाली ठेव, वर उचल कोण करत बसतंय? काटा निघाला. आणि महिन्याच्या आत दोघा भावांची वाटणी झाली. मधे भिंत आली, बांध आला, अबोला आला, आणि या सगळ्याचं खापर करंगळीएवढ्या सुरीवर फुटलं.

"आई, एक आयडिया हाय," रामनाथ आवाज खाली आणून म्हणाला. "फडक्यात दगड बांधू, दादाभाऊच्या देखत नदीत टाकू. काकूला काय कळतंय? तुझ्या सुऱ्या तुझ्यापाशी."

गोजरबाईनं शेंगांचं सूप बाजूला सारलं. "चोरल्यात का मी त्या? येवढी वर्सं उजळ माथ्यानं ठेवल्या, आन आता लपवू?"

"मग काय करायचं ते तरी सांग!" मंगल वैतागली. "मांडवात समदे इचारतील, जाऊ कुठं दिसंना. काय सांगू मी?"

हर्षाली आजीजवळ सरकली. "आजी, प्रयागआजीनं मला लहानपणी मांडीवर घेतलेलं मला आठवतंय. ती यावी असं मला वाटतं गं. माझ्यासाठी सोड ना."

हे मात्र लागलं. रामनाथच्या बोलण्यानं गोजरबाईचा केसही वाकडा होत नसे, पण पोरीचं म्हणणं खोटं नव्हतं, आणि ते तिला सोसेना. तिला रडू आलं, आणि रडू आल्याचा रागही आला. सबंध आयुष्यात स्वतःची म्हणावी अशी एकच गोष्ट, आणि तीही द्यायची ती कुणीतरी चुकीचं समजून बसलंय म्हणून! जीव मागितला असता तर पोरीला दिला असता. पण सुऱ्या दिल्या म्हणजे घर सुरीनं तोडलं हे कबूल केल्यासारखं होतं, आणि ते ती मेल्यावरही कबूल करणार नव्हती.

ती उठली. आतून गोधडीची गुंडाळी आणली, काखेत मारली आणि चपला घातल्या.

"नदीला चाललीस?" रामनाथनं आशेनं विचारलं.

"बांधापलीकडं," ती म्हणाली.

भर दुपारी, उघड्यावर, गुंडाळीवर पदरसुद्धा न घेता ती बांध ओलांडून गेली. पलीकडं कांद्याच्या चाळीपुढं बाया कांदे निवडत बसल्या होत्या. प्रयागबाई मधोमध, आणि शेजारी तिची नेहमीची मजूर साळुबाई. ओट्यावर बाजेवर प्रयागबाईचा नवरा चांगदेव पडला होता. थोरली वहिनी अंगणात आलेली पाहून तो उठून बसला.

प्रयागबाईनं कांद्यावरची नजर हलवली नाही. "साळू, त्यांना म्हणावं, पोतं घ्या बसायला."

"साळू, तिला म्हणावं, मी बसायला आले न्हाई."

दोघींत दोन हातांचं अंतर होतं. तरीही साळुबाईनं दोन्ही निरोप जसेच्या तसे पोचवले. अठरा वर्षांत तिला याची सवय झाली होती.

गोजरबाईनं कांद्याच्या पाल्यावर गोधडी उलगडली. बायांनी हातातलं काम टाकून माना पुढं काढल्या. तिनं पितळी मुठीची सुरी कप्प्यातून काढली आणि मूठ पुढं करून हात लांब केला.

"घे."

"साळू, त्यांना सांग, खाली ठेवा म्हणून."

"खाली ठेवणार न्हाई. हातात घे."

"आवो बाई, हातात सुरी दिली की नातं तुटतं!" प्रयागबाई ओरडली. साळुबाई निरोप सांगायला वळली आणि तिच्या ध्यानात आलं की या खेपेला आपली गरजच पडली नाही.

"तुटायला ऱ्हायलंय काय?" गोजरबाईचा आवाज चढला. "अठरा वर्सं बोलली न्हाईस. माझा मालक गेला तवा दारापातूर आलीस, आन तिथनंच माघारी फिरलीस. आता ही सुरी आणखी काय तोडणार हाय? घे. भांडण झालं तर खुशाल म्हण, सुरीनं केलं."

"आणा हिकडं!" प्रयागबाईनं ती हातातून जवळजवळ हिसकावून घेतली. "बघतेच काय व्हतं ते!"

आणि झालं ना भांडण. असं झालं की पलीकडच्या वस्तीवरची माणसं बांधावर येऊन उभी राहिली.

"काटा काढायला मागितली म्या, आन तुमी हातात दिली!"

"काटा निघाला का न्हाई?"

"निघाला!"

"मग?"

"मग घर फुटलं!"

"घर मोटारीच्या पाळीवरनं फुटलं. पाणी आधी कुणी घ्यायचं यावरनं. दोघा भावांनी दोरी धरून अंगण मापलं, तुझी चूल हिकडं, माझी चूल तिकडं. सुरी व्हती का तिथं? दोरी व्हती!"

"थोरल्या तुमी व्हता. तुमी का गप बसला?"

"तुला तोंड नव्हतं?"

"व्हतं!" प्रयागबाईचा आवाज चिरकला. "पन बोलू कुणाला? दोरी ह्यांनीच धरली व्हती. ह्यांनाच रोज भाकर वाढायची, आन रोज म्हणायचं का, तुमी माझं घर तोडलं? अठरा वर्सं कसं म्हणू? मग म्हनलं, सुरीनं तोडलं. सुरीला म्हणता येतं."

बाजेवरचा चांगदेव उठला, पायात चपला सरकवल्या आणि मोटार चालू करून येतो असं पुटपुटत विहिरीकडं निघाला. लाईट संध्याकाळशिवाय येणार नव्हती, हे तिथल्या प्रत्येकाला ठाऊक होतं.

गोजरबाई पाल्यावर बसली. पण ती नमली नाही. "म्हंजे तुझ्या नवऱ्याचं वझं माझ्या सुऱ्यांनी वाह्यलं," ती म्हणाली. "येवढी वर्सं. आन त्याचं बक्षीस म्हणून त्यांना नदीत बुडवायचं, व्हय?"

प्रयागबाई रडायला लागली, पण रडता रडताही तिनं भांडण सोडलं नाही. वाटणीतल्या पितळी घंगाळाचं काढलं, सासूच्या पुतळीमाळेचं काढलं, हर्षालीच्या साखरपुड्याचं बोलावणं रामनाथनं नुसतं फोनवर दिलं त्याचंही काढलं. गोजरबाईनंही कशाची उधारी ठेवली नाही. साळुबाई आणि बाकीच्या बाया जेवून हात धुऊन परत आल्या तरी दोघींचं चाललंच होतं. शेवटी घसे बसले म्हणून त्या थांबल्या.

प्रयागबाईनं मुठीतली सुरी पदराला पुसली आणि उन्हात धरली. "देखणी हाय. ही ऱ्हाऊ द्या माझ्याकडं."

"न्हाई."

"एक तर द्या, बाई!"

"बघायला दिली व्हती. माझी हाय ती."

"लई चिक्कट हायसा तुमी."

"हाय," असं म्हणून गोजरबाईनं हात पुढं केला. प्रयागबाई सवयीनं सुरी खाली ठेवायला वाकली, मग तशीच सरळ झाली आणि तिनं ती जावेच्या तळहातावर ठेवली.

परत येताना रामनाथनं तिला बांधावरच गाठलं. "सोडल्या?"

"न्हाई."

"मग काकू?"

"येणार का न्हाई ते तिला इचार. ती बोलते आता."

हळदीच्या दिवशी गोजरबाईनं आणखी एक उद्योग केला. मंगल नको नको म्हणत असताना तिनं गोधडी पूर्ण उलगडून समोरच्या खोलीत, पाहुण्यांच्या बैठकीच्या बरोब्बर वर, दोन खिळ्यांना टांगली. एकूण एक सुऱ्या तेल लावून चमकत होत्या. ज्याला बघायचं त्यानं बघावं, ज्याला उठून जायचं त्यानं जावं, असं ती मोठ्यानं म्हणाली आणि हळकुंडं आणायला आत गेली. रामनाथचा हात कपाळाला गेला तो दुपारपर्यंत खाली आला नाही.

प्रयागबाई आली ती बायांच्या घोळक्यात पुढं, हिरव्या साडीत. उंबऱ्याशी क्षणभर थबकली, भिंतीकडं पाहिलं, आणि आत आली.

तेवढ्यात मुलाकडच्या एका जाड्या मामानं नेपाळी कुकरी काढायला बोट पुढं केलं. "काय ओ, ही बारकी बारकी हत्यारं कुणाची?"

रामनाथ घाईनं मधे आला.

"हात काढा, पावणं," प्रयागबाई मागून कडाडली. "आमच्या थोरल्या बाईंच्या हायती त्या. मला एक दिली न्हाई त्यांनी, तुमी कोण लागून गेला!"