आरवणारी जाळी

आमच्या वेल्ह्याकडच्या करवंदांचा आंबटपणा सांगून पटायचा नाही. राजगडावरच्या एका वानरानं हिरवं करवंद खाऊन डोळे मिटले, ते पुढच्या चैत्रात उघडले. करवंदीच्या जाळ्यांवरून वारा सुटला की खाली पाली गावात चुलीवरचं दूध फाटायचं. खोटं वाटत असेल तर त्या वानराला विचारा.

पण असल्या जहाल फळाला भाव कसला तो नव्हता. साठ-एकसष्ट साली द्रोणभर करवंदं म्हणजे मूठभर तांदूळ. पुढं पाच पैसे झाले, मग दहा. आणि हा सगळा व्यापार करायचं कोण? तर विंझरच्या फाट्यावर आंब्याखाली बसणारी ठकुबाई.

ठकुबाई एकटी. नवरा गेलेला, मूलबाळ नाही, घर वस्तीपासून लांब, माळाच्या टोकाला. वर्षभर ती शेळीशी बोलायची. शेळी हुशार होती, पण उत्तर देत नसे. निदान माझ्यासमोर तरी. वैशाख लागला की मात्र ठकुबाई पाटी भरून फाट्यावर यायची. एसटी थांबली की टपोरं काळं करवंद चिमटीत धरून विचारायची, "बोला, कोंबडा का कोंबडी?" आत लाल निघालं तर कोंबडा, पांढरं निघालं तर कोंबडी. पोरंसोरं खेळतात तोच खेळ. बरोबर सांगेल त्याला मूठभर फुकट. चुकेल त्यालाही फुकटच, पण वर टोमणा. "मास्तर, तुमी पोरास्नी शिकवताय का पोरं तुमास्नी?" कंडक्टर दोरी ओढून ओढून थकायचा, माणसं हलायची नाहीत. त्या एका महिन्याच्या बोलण्यावर ती उरलेलं वर्ष काढायची.

बहात्तरचा दुष्काळ सरला आणि पुढच्या चैत्रात पुण्याचा टेम्पो आला. त्यात भोरचा कुंडलिक दलाल. त्यानं कागदात गुंडाळून केकचा तुकडा आणला होता, वर लालभडक गोळी.

"ही चेरी. हिची झाडं तिकडं विलायतेत. पर पुण्यातल्या केकवरची चेरी म्हंजे आपली करवंदंच. हिरवी तोडायची, बी काढायची, रंगवायची, पाकात सोडायची. किलोनं घेतो, बोला."

ठकुबाईनं गोळी अर्धी तोडून निरखून पाहिली. "आंबट कुठं गेलं रं हिचं?"

"पाकात मेलं."

"आन् आत?"

"आतबी लालच की, मावशी."

"समदे कोंबडेच? मग इचारायचं काय माणसाला?"

तिचं कोण ऐकतो! किलोच्या भावानं गाव वेडं झालं. बोटांना चीक आणि कोपराला काटे लागेपर्यंत बायामाणसांनी जाळ्या ओरबाडल्या. भाव सालोसाल चढत गेला, आणि तिसऱ्या वर्षी पिकायला करवंद म्हणून उरलं ते ठकुबाईच्या घरामागच्या एका जाळीवर. डोंगराला मालक नाही. ती जाळीही कुणीही तोडली असती. ठकुबाई माझ्याकडं आली.

"कोंडिबा, तेवढी जाळी पिकंपातूर ऱ्हायली पायजे. मोकळी पाटी घिऊन बसले तर माझ्याशी कोण बोलंल?"

"मग राखण कर."

"म्या म्हातारी कुणाकुणाला हाकलू? जलमभर थापा मारतोस, एक माझ्या कामाला मार की."

मागणी रास्त होती. मी चहाच्या हॉटेलात बसून सांगितलं, की त्या जाळीखाली एका मांत्रिकानं कोंबडा पुरलाय. तिथलं करवंद पोटात गेलं की माणूस पहाटे आरवतो. पानशेतकडचा एक पाव्हणा आरवला. बायकोनं त्याला खुराड्यात कोंडला. आता शेजारीपाजारी वार लावून नेतात, पहाटे उठायला. सगळे पोट धरून हसले. पण जाळीला हात कुणी लावला नाही.

वैशाखात जाळी काळीभोर झाली. ठकुबाई नवं लुगडं नेसून फाट्यावर बसली. एसटी थांबली. तिनं करवंद उचललं.

"मावशी, ही त्या जाळीची का?" एकानं विचारलं.

"व्हय. एकदम गोड."

"ऱ्हाऊ द्या. घरी बाळंतीण हाय, दचकायची."

दुसरा नुसताच हसला आणि मागं सरकला. एसटी वेळेवर सुटली. त्या फाट्यावर असं कधी घडलं नव्हतं.

दुसऱ्या गाडीला मी धावलो. सगळ्यांसमोर ओंजळभर करवंदं खाल्ली. "थाप हुती रं ती! माझीच!"

"तात्या, थाप तुमी आत्ता मारताय," खिडकीतून एकजण म्हणाला. "मावशीची पाटी खपावी म्हणून."

दिवस मावळेपर्यंत आम्ही दोघं तिथं बसून होतो. ठकुबाई मला एका शब्दानं लागट बोलली नाही, तेच लागलं. करवंदं शेळीनं खाल्ली. शेळी आरवली नाही. पहाटे मी लक्ष ठेवून होतो.

पुढच्या चैत्रात ठकुबाईनं ती जाळी स्वतःच हिरवी तोडली. टेम्पोपुढं ही रांग! अख्खं गाव तिथं लोटलेलं. ठकुबाई फडक्यात चिमूटभर करवंदं बांधून उभी. मापून झालं की पुन्हा रांगेच्या शेवटी, हातात दुसरं गाठोडं. पुढचीला सुनेचं विचारायची, मागचीला म्हशीचं, आणि गडबडीत असलेल्या बाईला म्हणायची, "तू हो म्होरं, मला काय घाई?"

"मावशी, समदं एकदम का आणत न्हाई?" कुंडलिक वैतागला.

"वझं झेपत न्हाई, बाबा."

भरली पाटी डोक्यावर घेऊन डोंगर उतरणारी बाई!

दुपार कलली, टेम्पो भरला, कुंडलिकनं फळी लावली. आता पुढल्या साली, म्हणाला. रांग मोडली. बाया मोकळ्या पाट्या काखेत घालून घरोघरी पांगल्या. ठकुबाई रांग होती तिथंच उभी, हातात एक गाठोडं तसंच.

"अगं, हे मापायचं ऱ्हायलं की," मी म्हणालो.

"ऱ्हाऊ दे," ती म्हणाली. "सपलं असतं तर मगाशीच घरी जावं लागलं असतं."