डोंगरकड्याचे दोडके

तारा वैशाखात गेली. आम्हाला एकच मुलगी, संपदा, ती नांदेडला दिलेली. त्यामुळे क्रियेला मीच बसलो. दहाव्या दिवशी नदीवर पिंड मांडला आणि कावळा काही शिवेना. समोरच्या बाभळीवर तीन कावळे बसलेले, पण एकही खाली येईना. मग एकेकजण पुढे होऊन बोलू लागला. मेव्हणा म्हणाला, संपदाला माहेर कमी पडू देणार नाही. संपदा रडत म्हणाली, आई, मी बाबांकडे बघेन. कावळे हलले नाहीत. दोन वाजत आले. वाळूवर पाय ठेववत नव्हता. गुरुजी दर्भाचा कावळा करू म्हणाले. तेव्हा मेव्हणा माझ्या कानाशी आला.

"दाजी, बागेचं बोला. तिचा जीव तिथंच असंल."

मी हात जोडून म्हणालो, "तुझी बाग मी सांभाळीन. तिथलं काही मरू देणार नाही."

कावळा आला आणि शिवला.

खरं सांगतो, बाग सांभाळायची म्हणून मी ते बोललो नव्हतो. सगळे उपाशी होते. मलाही घरी जायचं होतं. पण कावळा शिवला, आणि चार माणसांसमोर शब्द माझ्यावर पडला.

जवळा बाजारला मी तीस वर्षं टपाल वाटलं. त्या तीस वर्षांत घरामागच्या बागेला मी एक तांब्या पाणी घातलं नव्हतं. ती जागा ताराची होती. मला जेवायला बसल्यावर भाजी दिसायची, देवापुढे फुलं दिसायची, तेवढंच.

आषाढात मी तिचं बियाणं काढलं. औषधाच्या रिकाम्या बाटल्यांत राख घालून तिने ते ठेवलं होतं. चौदा बाटल्या, आणि एकीवरही चिठ्ठी नाही. पत्त्याशिवाय काही हातात घ्यायची मला सवय नव्हती. फक्त दोडक्याचं बी ओळखू आलं, काळं आणि खरखरीत. लग्नात डोंगरकड्याहून तिच्या आईने ओटीत दिलेलं तेच बी, ती दरवर्षी नव्या फळांतून धरायची. आखूड, जाड दोडके. कडू कधी निघाला नाही. बाजारात तसा मी पाहिला नाही.

काय राहून जाईल या भीतीने मी चौदाही बाटल्या मातीत रिकाम्या केल्या. शेजारच्या नीलाबाई कुंपणावरून बघत होत्या.

"भाऊजी, समदंच टाकलं?"

"समदं."

"थोडं राखून ठेवत असतेत हो. पाऊस दगा देतो, किडा लागतो."

"मला कोण सांगणार होतं?"

महिन्याभराने उगवलेलं बघून त्यांना हसू आवरेना. "दोडक्याच्या बुडाला अबोली! अन् गवारीत झेंडू! ताराबाई असत्या तर हसून हसून लोळल्या असत्या, बघा."

मीही हसलो. ती गेल्यानंतर पहिल्यांदा.

मग मी शिकत गेलो. दाट झालेलं उपटून लांब लावलं. वेलांना सुतळी बांधली. चुलीतली राख पानांवर टाकली. श्रावणात दोडके लागले, काकडी लागली, झेंडू गुडघ्याएवढा झाला. तारा द्यायची तशी मी पिशवी घेऊन गल्लीत घरोघर भाजी दिली. जुनं टपालच होतं ते, दारंही तीच. बायका म्हणायच्या, "पंत, ताराबाईंच्या हातचीच चव हाय." मला बरं वाटायचं. घरी येऊन मी तिच्या फोटोला सांगायचो, की चाललंय सगळं बराबर.

नीलाबाईंनी सांगितलं म्हणून प्रत्येक वेलावरचं एकेक चांगलं फळ मी बियाण्याला ठेवलं. चुकून कुणी तोडू नये म्हणून देठाला तिच्या जुन्या लुगड्याची चिंधी बांधली. दोडक्याची अशी चार फळं होती. ती वेलावरच वाळली पाहिजेत, मग बी पक्कं होतं, असं त्या म्हणाल्या होत्या.

भाद्रपदात वालावर मावा पडला. काळा, चिकट किडा, सगळ्या शेंड्यांवर. राख टाकली, गेला नाही. चार दिवसांत तो दोडक्याच्या पानांमागे दिसला. मला रात्री झोप येईना. दुकानातून औषध आणलं आणि सटवाजीकडे फवारणीचा पंप मागायला गेलो. सटवाजी माझा जुना मित्र, त्याचा कॅनॉलवर ऊस आहे. पंप गोठ्यात टांगलेला होता.

"घेऊन जा की. फक्त धुऊन घ्या, पंत."

मी घरी आणून धुतला. एक तांब्या पाणी ओतलं, हलवलं, सांडून दिलं. पोस्टात जेवणाचा डबा धुवावा तसा. मग औषध भरलं आणि एकही पान सोडलं नाही. खालून, वरून, फुलझाडांवरसुद्धा मारलं. पंपाचा पट्टा खांद्यात रुतत होता, पण मी थांबलो नाही. मावा दुसऱ्या दिवशी मेला. मी देवाला नारळ फोडला.

तिसऱ्या दिवशी दोडक्याचे शेंडे वाकडे झाले. चौथ्या दिवशी पानं मुठी आवळल्यासारखी आत वळली. झेंडूच्या माना पिळल्यासारख्या झाल्या. मला वाटलं पाणी कमी पडलं, म्हणून मी दोन वेळा पाणी दिलं. आठव्या दिवशी सटवाजीला बोलावून आणलं. तो कुंपणापाशीच थांबला.

"पंप कशानं धुतला, पंत?"

"पाण्यानं."

"किती?"

मी सांगितलं.

त्याने डोक्यावरचा रुमाल काढला. "उसात तण जाळायचं औषध मारलं होतं मी त्यानं. ते असं जात न्हाई. साबणानं, सोड्यानं तीन-तीन खेपा धुवावं लागतंय. म्या सांगायला पायजे होतं. माझीच चूक हाय."

"तू धुऊन घ्या म्हणाला होतास."

"पर तुमाला शेतीतलं काय म्हाईत, पंत?"

"मग जगेल का यातलं काही?"

त्याने नाही अशी मान हलवली.

पंधरा दिवसांत सगळं गेलं. वाल, गवार, काकडी, अबोली. चिंधी बांधलेले दोडके हिरवेच लोंबले आणि मऊ पडले. मी ते फोडले. आतलं बी पांढरं, पातळ, नखाने दबणारं. तरी वाळवलं. ओल्या फडक्यात गुंडाळून आठवडाभर बघितलं. एकालाही मोड आला नाही, वास मात्र सुटला.

मग मला सुचलं की ताराने गल्लीत कुणाला तरी बी दिलंच असेल. इतकी वर्षं ती वाटतच तर होती. मी पायात चप्पल घालून निघालो. अकरा घरं झाली. सखुबाईंच्या दारात मी विचारलं, "आमच्या दोडक्याचं थोडं बी असलं तर द्या."

त्या म्हणाल्या, "बी कुठलं हो? ताराबाई दर साली आयता दोडका आणून देत व्हत्या, मग बी काहून धरावं आमी?"

प्रत्येक दारात हेच. कुणी वाईट बोललं नाही. एकीने बाजारातलं पाकीट दिलं, वर लांब दोडक्याचं चित्र. मी ते घेतलं, कारण नाही म्हणायला तोंड उघडेना. डोंगरकड्याला मेव्हण्याला फोन केला. तो म्हणाला, "दाजी, आई गेल्यापसून परसात काही न्हाई. तिथं आता मोटारसायकली लागतात."

त्या संध्याकाळी संपदाचा फोन आला. रोज ती विचारायची, बाग कशी आहे, आणि मी पंधरा दिवस चांगली आहे म्हणत होतो.

"गेली," मी म्हणालो. "मीच मारली."

सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बाबा, आईला त्यातलं काही कळत नसतं. तुम्ही इकडे या. एकटे राहू नका."

याआधी तिने दहादा म्हटलं होतं आणि मी दहादा बागेचं कारण सांगितलं होतं. आता सांगायला काही नव्हतं. "येतो," म्हणालो.

सटवाजीने माणूस लावून वाळलेले वेल काढून दिले. सुतळ्या काढल्या, जमीन सपाट केली. मी त्या माणसाकडे बघत बसलो, उठून हात लावला नाही. दसऱ्यानंतरच्या गुरुवारी दोन पिशव्या भरल्या. नांदेडची गाडी अकराला होती. किल्ली द्यायला नीलाबाईंकडे गेलो, तर त्या दारातच रडायला लागल्या. मी किल्ली त्यांच्या हातात ठेवली.

"फिरून येताल ना, भाऊजी?"

"बघू."

त्यांनी डोळे पुसले. किल्ली पदराच्या टोकाला बांधली. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "राग येऊ देऊ नका, पर एक इचारू का? आमचं सोयाबीन भिजलंय. वाळवायला जागा न्हाई. तुमच्या परसात ऊन चांगलं येतं. आता मोकळंच हाय म्हणून म्हणते."

मी पिशव्या उचलल्या.

"घाला," म्हणालो.