आत्ता पाहणारे : दोन

मी एक आकडा बोलतोय. थळच्या काशीच्या सुक्या मासळीच्या वेबसाइटवर, खालच्या कोपऱ्यात, ‘आत्ता पाहणारे’ या शब्दांपुढे माझी जागा. तिच्या मुलीने, दिपालीने, मला तिथे बसवलं.

कुणी पान उघडलं की त्याच्या फोनला मी एक खूण देतो आणि त्याला मोजतो. पाच मिनिटं त्या खुणेची चाहूल लागली नाही, की गेला समजून वजा करतो. मला माणसं दिसत नाहीत, फोन तेवढे कळतात. पण हे काशीला कोण सांगणार? पहिल्याच दिवशी तिने माझ्यात चार पाहिले आणि बाजारात मांडतात तसे बोंबलांचे चार वाटे लावून बसली. त्यातले तीन फोन तिच्याच घरातले होते! मला हसू आवरेना.

चौथा होता तिच्या नवऱ्याचा, बुधाजीचा. होडी समुद्रात असताना घरून फोन लावून ‘कधी येता’ विचारायचं नाही, होडीवरून ‘येतो’ असं सांगायचंही नाही, ही काशीच्या सासूची शिकवण. म्हणून परतताना रेंज मिळाली की बुधाजी हे पान उघडून ठेवतो. काशी एकटीच मला बघत बसते. एकाचे दोन झाले की चुलीवर भात टाकते.

परवा दिपाली म्हणाली, “आये, दोन बघून कोन गिऱ्हाईक थांबंल? काढूनच टाकते त्याला.”

माझे धाबे दणाणले. काशीचं मात्र लक्षच नव्हतं. सकाळी यायची होडी दुपार टळली तरी आली नव्हती.

तेवढ्यात मी दोन झालो. काशीने धावत जाऊन भात टाकला. आणि ऑर्डर आली! माणगावहून, दोन किलो जवळा, वेबसाइटची पहिलीच ऑर्डर. दिपालीने टाळ्या पिटल्या, काशीने मात्र भाताचं पातेलं चुलीवरून उतरवलं.

“तुझा बापूस न्हाय हाय तो,” ती म्हणाली.

तेव्हा कुठे पोरीला उमगलं. ती आईला खेटून बसली, दोघी माझ्याकडे बघत राहिल्या. पाच मिनिटांनी माणगावकर गेले आणि मला पुन्हा एक व्हावं लागलं. फार जिवावर आलं.

बऱ्याच वेळाने रोजची खूण आली. मी दोन झालो, पण काशीचा विश्वास बसेना. इंजिनाने दगा दिलेला बुधाजी दारात येऊन “भूक लागली” म्हणाला, तेव्हा ती रडली.

आता दिपालीने मला गिऱ्हाइकांपासून लपवून फक्त आईच्या फोनवर ठेवलंय. मी सुखात आहे. तुम्हाला एकच विनंती. पान उघडलंत तर नुसते रेंगाळू नका, पटकन काहीतरी मागवा. म्हणजे ते तुम्ही, हे काशीला कळेल. जो काहीच न मागता थांबून राहतो, तो तिचा.