रिकाम्या ग्रुपचा ॲडमिन

त्या आठवड्यात उन्नती तोरसकरला पहिल्यांदा भीती वाटली ती मंगळवारी, जेवणाच्या सुट्टीत. नालासोपाऱ्यात, तुळिंजच्या एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये ती टेक्निशियन होती. डबा उघडून तिने दुसऱ्या हाताने फोनवर डिस्कॉर्ड हे गप्पांचं ॲप उघडलं. दुपारच्या वेळी तिथल्या त्यांच्या ग्रुपातल्या गप्पांवर लक्ष ठेवायची पाळी तिची असायची. 'खलाशी' नावाच्या एका नव्या सभासदाचा एकच निरोप आला होता.

'पाणकोंबडी, तुझ्या खोलीची खिडकी अजून हिरवीच आहे का गं?'

पाणकोंबडी हे तिचं तिथलं नाव. आणि चंदनसारच्या त्यांच्या फ्लॅटमधली तिच्या खोलीची खिडकी खरंच हिरवी होती. बाबांनी उरलेला रंग वाया जाऊ नये म्हणून लावलेला. उन्नतीने त्या माणसाला ताबडतोब बाहेर काढलं. भाजी तशीच राहिली.

ही सगळी मंडळी एका व्हिडिओ गेममुळे जमली होती. खेळाचं मूळ नाव लांबलचक आणि परदेशी, मराठी मंडळी त्याला नुसतं 'ओहोटी' म्हणायची. पाणी ओसरलं की समुद्राच्या तळावर उतरायचं, बुडालेलं गाव धुंडाळायचं आणि भरती यायच्या आत परत फिरायचं, एवढाच खेळ. पण वेड लावणारा. वसईच्या एका वाडीत राहणाऱ्या आग्नेलने २०१२ साली त्याच्यासाठी मराठीत एक फोरम काढला होता. तेव्हा तो एकटाच मालक, एकटाच झाडूवाला. दोन वर्षांनी मंडळी फेसबुकवर गेली, सभासद दोन हजारांवर पोचले आणि आग्नेलने मदतीला तिघांना घेतलं: नालासोपाऱ्याची निधी, महापालिकेत नोकरी करणारे चंद्रहास, ज्यांना सगळे चंदूकाका म्हणत, आणि सतरा वर्षांची उन्नती. २०१७ साली फेसबुकवरचा गोंगाट नको झाला म्हणून सगळे व्हॉट्सॲपवर गेले. तिथे एका ग्रुपात माणसं मावेनात, तेव्हा टेलिग्राम झालं. लॉकडाऊनमध्ये डिस्कॉर्ड. नकाशे करणारे वेगळे, भाषांतर करणारे वेगळे, भांडणं सोडवणारे वेगळे, अशी आता चाळीस जणांची टीम होती. दर वेळी नव्या घरात जाताना जुन्याचं दार लोटून घ्यायचं मात्र कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं.

बुधवारी 'खलाशी' दुसऱ्या नावाने परत आला. या वेळी त्याने फोटो टाकला. तिच्या सोसायटीचं गेट, पाटी, वॉचमनची खुर्ची. फोटो ताजा होता, कारण गेटला सोमवारीच बांधलेला मंडळाचा बॅनर त्यात दिसत होता.

घरी येताना उन्नतीने तीनदा मागे वळून पाहिलं. आई गणपतीच्या तयारीसाठी गावी कुडाळला गेली होती. बाबांना काही सांगावं तर त्यांची बायपास होऊन वर्षही झालं नव्हतं. ती खोलीत बसून आठवत राहिली, आपला पत्ता कुठे दिला होता? आणि एकदम लख्ख आठवलं. फेसबुकच्या काळात टीमने सभासदांना स्टिकर पोस्टाने पाठवले होते. 'पत्ता खाली लिहा,' असं आग्नेलने म्हटलं आणि सगळ्यांनी लिहिला. उन्नतीने तर वर हिरव्या खिडकीपाशी बसून फोटोही टाकला होता.

कित्येक वर्षांत न उघडलेलं खातं तिने उघडलं. ग्रुप जागच्या जागी होता. वरती हिरवा ठिपका दिसला, म्हणजे आतमध्ये कुणीतरी त्या क्षणी होतं. आणि त्यात रोज काही ना काही लिहिलेलं होतं. आठ वर्षं. लिहिणारा एकच, एक जुना सभासद.

'आज कोणीच नाही. सगळे कुठे गेले?'

'ॲडमिन लोक निघून गेलेत. फेसबुकने मला विचारलं, ॲडमिन व्हाल का. झालो. तुम्ही आलात की परत देईन.'

'आज कोंबडीचा वाढदिवस. केक आणला. अर्धा ठेवलाय.'

'आता तर जग बंद आहे. घरात बसून तरी या.'

'मला कळलं तुम्ही कुठे असता ते. राग नाही.'

आणि सगळ्यात वर, कालचं: 'व्हॉट्सॲपच्या यादीतून माझं नाव कोणी काढलं, एवढंच विचारायचंय.'

ते नाव कोणी काढलं, हे जगात फक्त उन्नतीला ठाऊक होतं.

गुरुवारी संध्याकाळी चौघं कॉलवर जमले. आग्नेल म्हणाला, "यादी तर मीच केली होती. सगळ्यांना घ्यायचं असंच ठरलेलं ना? हा राहिला कसा?"

उन्नती म्हणाली, "मी काढलं त्याचं नाव. नंबर भरायचं काम तू माझ्याकडे दिलेलंस. तो मला दिवसाला चाळीस-चाळीस मेसेज करायचा. म्हटलं, नवीन घरात तरी नको."

"तू बोलली नाहीस कधी."

"काय बोलणार? घाण असं काही लिहायचा नाही. जेवलीस का, झोपलीस का, उत्तर का नाही. दिवसभर."

"मला पण पाठवायचा," निधी हळूच म्हणाली. "मी पण नाही बोलले. सुटले म्हणून गप्प बसले."

चंदूकाका खोकले. "पोरींनो, आम्ही काय नुसते भांडणं सोडवायला होतो? असू दे. आता पहिलं काम, रविवारचं कळंबच्या किनाऱ्यावरचं आपल्या सभासदांचं गेट-टुगेदर रद्द. दुसरं, उद्या पोलीस."

शुक्रवारी आग्नेल तिच्याबरोबर पोलीस ठाण्यात आला. पोलिसांनी अर्ज घेतला, फोटो घेतले, आणि काही झालं तर थेट एकशे बारावर फोन करा म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर आग्नेल म्हणाला, "अकरा वर्षं ओळखतो आपण, आणि आज तिसऱ्यांदा भेटतोय. सांग ना घरी बाबांना."

"शनिवारी आई येते. तेव्हा सांगते," ती म्हणाली. त्या एका वाक्याचा तिला पुढे फार पश्चात्ताप झाला.

शनिवारी लॅब दोनला सुटली. तीनच्या सुमारास तिने बेल वाजवली, बाबांनी हसत दार उघडलं. "ये, ये. बघ कोण आलंय. तुझे जुने मित्र. तासभर झाला, गप्पा मारतोय आम्ही."

सोफ्यावर चाळिशीचा एक माणूस बसला होता. इस्त्रीचा आकाशी शर्ट, नीट विंचरलेले केस, समोर चहाचा रिकामा कप. रस्त्यात दिसला असता तर लक्षातही राहिला नसता. तो उठला, तिच्या बाजूने दारापर्यंत गेला आणि त्याने आतून कडी लावली.

"वाऱ्याने आपटतं," तो म्हणाला. "मी हेमकांत. खलाशी."

टेबलावर प्लॅस्टिकची फाइल उघडी होती. तिच्यात उन्नतीने सतराव्या वर्षापासून लिहिलेली प्रत्येक ओळ छापून, तारखेवार लावलेली होती. बाबांनी चष्मा चढवून एक पान उचललं. "अगं, किती छान लिहायचीस तू! आम्हाला कधी दाखवलं नाहीस. यांनी सगळं जपून ठेवलंय बघ."

"हात धुऊन येते," असं म्हणून ती आत गेली आणि टीमच्या ग्रुपवर तिने एवढंच लिहिलं: 'तो घरी आहे. बाबांजवळ. कडी लावलीय.' निधीचं उत्तर लगेच आलं, 'पोलिसांना लावते.' चंदूकाकांचं त्याच्या खाली: 'निघालो. दहा मिनिटं. त्याला बोलतं ठेव.'

दहा मिनिटं. ती बाहेर येऊन बाबांच्या खुर्चीपाशी उभी राहिली.

"कोणी काढलं माझं नाव?" हेमकांतने विचारलं. आवाज अगदी मऊ होता. "आग्नेलने ना? मला पहिल्यापासून तोच वाटतो. त्याचाही पत्ता आहे माझ्याकडे. वाडीत मोठी विहीर आहे. म्हातारी आई एकटी असते दुपारची."

'हो' म्हटलं असतं तर तो कदाचित उठून गेला असता. उन्नतीला ते दिसत होतं, आणि तो उठून कुठे गेला असता तेही.

"मी काढलं," ती म्हणाली.

बाबांनी पान खाली ठेवलं.

"तू?" तो तिच्याकडे वळला. "का?"

"तुमची भीती वाटायची."

"मग सांगायचंस."

"सांगायचीसुद्धा भीती वाटायची."

"आणि आता?"

"आताही वाटते."

त्याने मान हलवली, जणू एखादा हिशोब जुळला. मग खिशातून फोन काढून तिच्यासमोर धरला. तोच ग्रुप उघडा होता, खाली लिहायची जागा रिकामी. "लिही. 'मी आले' एवढंच. मी जातो."

दोन शब्द. उन्नतीचं बोट पुढे झालंही. एवढ्याने जात असेल तर जाऊ दे, असं मन म्हणत होतं. पण त्याच्या रोजच्या ओळींतला तो केक तिला आठवला. अर्ध्या केकवर जो इतकी वर्षं राहिला, तो दोन शब्दांवर किती वर्षं राहील? उद्या तिसऱ्या शब्दासाठी दारात येईल. तिने हात मागे घेतला.

"नाही लिहिणार."

"लिही," तो म्हणाला. आवाज तसाच मऊ, पण फोन त्याने आणखी जवळ आणला. "दोन शब्द तर आहेत गं. लिही."

"उन्नती, हे काय चाललंय?" बाबा उठले, तशी टेबलावरची फाइल खाली पडली.

"काका, तुम्ही बसा. तुमचं ऑपरेशन झालंय," हेमकांत म्हणाला. ते तरी याला कोणी सांगितलं? की तासाभराच्या गप्पांत बाबांनीच?

तेवढ्यात बेल वाजली. एकदा, दोनदा, मग कोणीतरी दारावर थापा मारायला लागलं. हेमकांत पटकन दारापाशी गेला आणि त्याने कडीवर पंजा दाबून धरला. उघडायला नव्हे, उघडू न द्यायला. पुढे झाले ते बाबा. ऑपरेशन झाल्यापासून पिशवी उचलायची बंदी असलेल्या त्या माणसाने हेमकांतचं मनगट धरलं.

"हात काढ," बाबा म्हणाले. "माझ्या घराची कडी आहे ती. हात काढ!"

आणि त्याने काढला. बाबांनी कडी उघडल्यावर चंदूकाका, वॉचमन आणि शेजारचे दोघं आत घुसले, पण तोवर तो परत सोफ्यावर जाऊन बसला होता आणि खाली पडलेले कागद तारखेवार लावत होता. पोलीस आले तरी लावतच होता.

ठाण्यात त्याची बहीण विनया आली. धावत आल्यामुळे तिला धाप लागली होती. हेमकांत तिच्याकडेच, तुळिंजला राहायचा, म्हणजे उन्नतीच्या लॅबपासून दोन गल्ल्यांवर. "कंपनी बंद पडल्यापासून घरूनच टायपिंग करतो," ती सांगत होती. "दिवसभर फोनवर लिहीत बसलेला असायचा. मला वाटायचं, मित्रांशी बोलतो. मी म्हणायचे, बरंय, एकटा तरी नाही."

तक्रार नोंदवली गेली, पुन्हा त्रास देणार नाही असं हेमकांतकडून लिहून घेतलं, फाइल जप्त झाली. बहिणीने त्याला डॉक्टरकडे न्यायचं कबूल केलं आणि अडीअडचणीला म्हणून चंदूकाकांचा नंबर घेतला. फेसबुकच्या ग्रुपचा ताबा आग्नेलने हेमकांतच्या खात्यातून परत मिळवला आणि एकेक सभासद कमी करत, तीन दिवस बसून, तो कायमचा मिटवला. मग टेलिग्राम, मग व्हॉट्सॲपचे जुने ग्रुप. नव्या सभासदाला पत्ता विचारायचा नाही, आपला सांगायचा नाही, आणि कोणी त्रास दिला तर त्याच दिवशी टीमला कळवायचं, असे नियम निधीने लिहिले. उन्नतीने टीम सोडली नाही. आई म्हणाली सोड, पण बाबांनी आईला गप्प केलं. बाबा स्वतः मात्र त्या दिवसापासून फार बोलत नसत. "मीच चहा दिला त्याला," एवढंच एकदा म्हणाले.

महिन्याभराने, दुपारी, लॅबमध्ये चंदूकाकांचा फोन आला.

"विनयाताईंचा फोन होता. गोळ्या चालू आहेत, शांत असतो म्हणाल्या. फक्त रोज सकाळी उठून एकच विचारतो."

"काय?"

"की तो ग्रुप दिसत नाही, मग सगळे आता कुठे गेले? त्या विचारत होत्या, काय सांगू त्याला."

उन्नतीने काचेतून बाहेर पाहिलं. बाजाराची गर्दी होती, आणि त्या गर्दीत आकाशी शर्ट कितीतरी होते.

"सांगा, बंद झालं सगळं. आता कोणी कुठेच नाही."

फोन ठेवून तिने डिस्कॉर्ड उघडलं. सकाळपासून सतरा नवे सभासद आले होते. डबा बाजूला सारून ती पहिल्या नावापासून वाचायला लागली.