तांबूला फोन

काशिनाथ मास्तरांनी बायकोची जुनी हिरवी साडी शर्टावरून खांद्याभोवती गुंडाळली, पदराचं टोक डोक्यावर ओढलं आणि दुधाचा तांब्या हातात घेऊन ते वाकून गोठ्यात शिरले. तांबूने मान वळवून साडी हुंगली. मग तिने मास्तरांच्या तोंडाकडे पाहिलं. ते उकिडवे बसेपर्यंत ती गप्प उभी राहिली आणि बसल्यावर मागच्या पायाने तिने तांब्या उडवला. तो दारातून बाहेर पडला आणि घरापुढच्या खळ्यात गडगडत जाऊन तुळशीपाशी थांबला.

दगडी गडग्यापलीकडून शेजारचा सत्यवान हे सगळं पाहत होता. वयाने तो दहा-बारा वर्षांनी लहान, मास्तरांचाच जुना विद्यार्थी.

"मास्तरांनू, पदर बरो घेतलात. पण मिशयेचा काय?"

"हसतंस कित्याक? सकाळी तू लाथ खाल्लंस तेवा मी हसलो?"

सत्यवानाने आपली मांडी चोळली आणि तो हसायचा थांबला. दुभत्या गाईच्या लाथा गोड म्हणतात, पण त्यासाठी गाईने आधी दूध द्यावं लागतं. तांबूने कालपासून थेंब दिला नव्हता. आषाढात तिची पाडी दगावली, तेव्हापासून ती एकट्या सीताबाईंच्या हाकेला पान्हवायची. सीताबाई गोठ्याच्या दारात उभ्या राहून साद घालत, मग आत जात. त्या सादेशिवाय हात लावलेला तांबूला खपत नसे. आणि सीताबाई आता मुंबईहून सुटलेल्या एका मोठ्या बोटीवर होत्या.

ही सहल लेकीची. बोट आधी काही दिवस भर समुद्रात फिरून गोव्याला लागणार, मग पुढे लक्षद्वीपला जाणार. गौरजा आणि जावई सुशांत यांनी दोघांचीही तिकिटं काढायचं ठरवलं होतं. मास्तरांनी लगेच गाय पुढे केली. गुराला कोण बघणार? खरं म्हणजे मालवणच्या किल्ल्यावर जाताना होडीतसुद्धा त्यांच्या पोटात ढवळतं, पण निवृत्त मुख्याध्यापकाने हे लेकीला सांगायचं कसं? सीताबाई एकट्या जायला तयार नव्हत्या. लग्नापासून त्या खारेपाटणच्या माहेराखेरीज कुठे राहिल्या नव्हत्या, आणि तिथेही दोन रात्रींवर नाही. "तू जा. तांबूक मी बघतंय," असं मास्तरांनी छातीठोकपणे सांगितलं, कट्टा गावच्या स्टँडवर जाऊन त्यांना गाडीत बसवून दिलं, आणि घरी येताना आपण बायकोला जग दाखवायला धाडलं म्हणून वाटेत भेटेल त्याला सांगितलं. आता दूध नाही म्हणून तिला अर्ध्यावरून परत बोलवायचं म्हणजे सगळ्या गावात शोभा.

ते साडीची घडी घालत होते तेवढ्यात फोन वाजला.

"तुमी जेवलास?" सीताबाईंनी विचारलं. मागे वाऱ्याचा घोंघाट होता.

"आता खंयचा जेवण? तिनसांज झाली नाय अजून."

"तांबून दिल्यान दूध?"

मास्तर घडीकडे पाहत राहिले. खोटं बोलावं असं त्यांना वाटलं, पण गाईच्या बाबतीत सीताबाईंशी खोटं बोलून आजवर निभावलं नव्हतं.

"देवक नाय."

"सकाळी?"

"सकाळी पण नाय. सत्यवानाक लाथ घातल्यान."

"कास बघलास?"

"दगड झाली हा."



"फोन मोठ्यान करा," सीताबाई म्हणाल्या, "आणि तिच्या कानाकडे धरा."

"गाय काय फोनार बोलतली?"

"तिना बोलाचा नाय, ऐकाचा आसा. धरा म्हणतंय ना!"

मास्तरांनी गडग्याकडे पाहिलं. सत्यवान अजून तिथेच होता. तरीही ते गोठ्यात गेले आणि त्यांनी फोन तांबूच्या कानाशी धरला.

"ये गो तांबू," फोन म्हणाला. "ये गो बाय माजे. सोड गो, सोड."

तांबूचे दोन्ही कान उभे राहिले. तिने फोन चाटायचा प्रयत्न केला. मास्तरांनी तो घाईघाईने वरच्या वाशाच्या खोबणीत खोचला, तांब्या उचलून आणला आणि ते खाली बसले. लहानपणी वडिलांच्या धाकाने शिकलेलं काम बोटं अजून विसरली नव्हती. सीताबाई वरून साद घालत होत्या आणि कास हळूहळू मऊ पडत होती. पहिली धार तांब्याच्या बुडावर वाजली.

"आई, हळू गो," फोनमध्ये गौरजाचा आवाज आला. "सगळे बघतत."

"बघूंदेत. त्येंच्या घराक गाय खंय आसा?"

गडग्यापलीकडे सत्यवानाने कपाळावर हात मारून घेतला आणि ही बातमी सांगायला तो घराकडे धावला.

तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ बोटीवरून तांबूला फोन यायला लागला. बोटीवर इंटरनेटचं पॅकेज मिळतं, ते गौरजाने आईसाठी घेतलं होतं. आई त्यावरून बाबांना नातवाचे फोटो पाठवील, अशी तिची समजूत होती. आईने ते सगळं गाईवर खर्च केलं.

तांब्या भरत आला की साद थांबायची आणि सीताबाई दुसरं काही सांगायच्या. बोटीवर माणसं सकाळपासून खातात नि खातात. जेवण बरं आहे, पण पेज कुठे नाही. पायऱ्या नाहीत, नुसती लिफ्ट. सुशांत चांगला आहे, पण बोलत कमी. एकदा म्हणाल्या, "समुद्र बघून बघून कंटाळलंय. काठच दिसणा नाय." मास्तर खाली मान घालून धारा काढत आणि हुं हुं करत. घरात असताना त्या इतकं बोलत नसत. किंवा बोलत असतील, मास्तर त्या वेळी पडवीत पेपर उघडून बसलेले असत. साद तर ते रोज ऐकत होते. शेजारच्या कोंबड्याची ऐकावी तशी. आता डोक्यावरच्या वाशातून ती येऊ लागली आणि त्यांना कळलं की ती फार सुंदर आहे. शेवटच्या 'सोड'वर सीताबाईंचा आवाज जरासा खाली यायचा. त्या ठिकाणी मास्तरांचे हात आपोआप थांबत, आणि तांबू शेपटी मारून त्यांना कामाची आठवण करून देई.

मग एका सकाळी फोन आलाच नाही. मास्तरांनी लावून पाहिला, लागला नाही. बोट कुठे तरी लांब आत असावी. ऊन खळ्यात उतरलं, तांबू पाय बदलत उभी होती आणि मधूनमधून हंबरत होती. मास्तर तांब्या घेऊन तिच्याजवळ बसले. करायचं काय हे त्यांना कळत नव्हतं. चाळीस पोरांच्या वर्गाला नुसत्या नजरेने गप्प करणारा माणूस, एका गाईपुढे हवालदिल झाला होता. त्यांनी तिच्या पाठीवर हात ठेवला.

"ये गो तांबू," ते हळूच म्हणाले. हजेरी घेतल्यासारखा आवाज निघाला. त्यांनी घसा खाकरला. "ये गो बाय माजे. सोड गो. सोड."

शेवटचा शब्द त्यांनी खाली आणला, सीताबाई आणत तसा.

तांबूने एक लांब श्वास सोडला. कास भरून फुगली होती म्हणून असेल, की साद पटली म्हणून, ते तिलाच ठाऊक. पण धार आली. तांब्या काठोकाठ भरला, वर फेस आला. मास्तर इतके खूश झाले की ते एकटेच मोठ्याने हसले. तांब्या घेऊन ते खळ्यात आले. तिथे सत्यवानाची सून भक्ती दुधासाठी भांडं घेऊन उभी होती.

"काकींचो फोन इलो वाटता."

"फोन नाय. मीच काढलंय."

"तुमी साद घातलास?" भक्तीने डोळे मोठे केले. "आणि तिना दिल्यान? मगे आता काकींका घोर नाय. आरामात फिरूंदेत."

"व्हय तर," मास्तर म्हणाले.

भक्ती दूध घेऊन गेली. मास्तर पडवीत येऊन बसले, पेपर उघडला आणि एकच बातमी दोनदा वाचूनही ती त्यांच्या डोक्यात शिरली नाही. मघाचा आनंद कुठे गेला ते त्यांना कळेना. आता फोन येण्याचं कारणच उरलं नव्हतं. सीताबाई जेवलास का विचारतील, ते हो म्हणतील, आणि संपलं. त्यांना वाईट वाटत होतं, आणि वाईट वाटतं याची लाजही वाटत होती. या वयात माणसाने गाईच्या वाटणीचा फोन ऐकायला टपून बसावं?

संध्याकाळी त्यांनी लवकरच धार काढली. तांबूने मुकाट्याने दूध दिलं. तांब्या स्वयंपाकघरात झाकून ठेवून ते परत गोठ्यात आले आणि शेणाची पाटी उलटी घालून तिच्यावर बसले. फोन वाजला.

"सकाळी रेंज नाय होती," सीताबाई म्हणाल्या. "तांबूचा काय झाला?"

सांगायचं तोंडावर आलं होतं.

"काय जमूक नाय," मास्तर म्हणाले.



"मगे धरा फोन," त्या म्हणाल्या.

मास्तरांनी फोन धरला. तांबूच्या कानाशी नाही, स्वतःच्या. तांबू गवत चघळत बसली होती. "ये गो तांबू, ये गो बाय माजे," सीताबाई समुद्रावरून साद घालत होत्या, आज थोड्या सावकाश. मास्तर डोळे मिटून ऐकत राहिले. मध्येच त्यांना वाटलं, धारेचा आवाज हवा होता, तिला संशय येईल. पण उठून काही करावं इतकीही त्यांची इच्छा नव्हती.

साद संपली.

"ऐका," सीताबाई म्हणाल्या. "उद्या सकाळी बोट गोव्याक लागतली. मी थंयच उतरतंय. गौरजान विचारून ठेवल्यान हा, उतराक देतत. जेवणाच्या वक्ताक घराक पावतंय."

मास्तरांनी डोळे उघडले.

"आणि लक्षद्वीप?"

"थंय फोन लागाचो नाय म्हणतत. मगे तांबूचा काय व्हतला?"

मास्तर उभे राहिले. इतकी वर्षं त्या कुठे गेल्या नव्हत्या. लेकीने एवढ्या हौसेने नेलं, आणि निळं पाणी, पांढरी वाळू, जे काय बघायचं ते अजून पुढेच होतं. आणि आपण पाटीवर बसून केलेल्या लबाडीपायी तिने अर्ध्यावरून परत यायचं. त्यांना स्वतःचा राग आला.

"उतरू नको," ते म्हणाले. "तांबू दूध देता. सकाळी दिल्यान. आता पण दिल्यान, तुजो फोन येवच्या आधीच. मीच साद घातलंय. मी तुका खोटा सांगलंय."

वारा घोंघावत होता. कुणीतरी लहान मूल जवळून ओरडत पळत गेल्याचं ऐकू आलं.

"माका ठावक आसा," सीताबाई म्हणाल्या. "भक्तीन दुपारीच मेसेज धाडल्यान."



"मगे आता साद कित्याक घातलंस?"

"तुमी फोन धरलास म्हणान."

गोठ्यात अंधारायला लागलं होतं. मास्तरांनी दिव्याचं बटण चाचपलं, पण दाबलं नाही.

"आणि उतरतंय म्हणालंस, ता?"

"ता खरा आसा." त्यांचा आवाज अगदी रोजचा होता, भाजीत मीठ किती ते सांगावं तसा. "आता गाय मदी आणू नका. तिचा बरा चलला हा. तुमका काय व्हया, ता सांगा. तुमी 'जा' म्हणालास, तर मी फुडे जातंय. बघतंय ता लक्षद्वीप."

जा म्हणायला काहीच हरकत नव्हती. सीताबाई मुंबईला निघताना त्यांनी तेच तर म्हटलं होतं, आणि किती सहज. एका अक्षराचा शब्द. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं. फोन एका कानावरून दुसऱ्या कानावर घेतला. पलीकडे सीताबाई थांबून राहिल्या होत्या. त्यांना कसलीच घाई दिसत नव्हती.

"आई," लांबून गौरजाचा आवाज आला, "खाली काउंटरवर सांगायचंय. काय ठरलं? काय म्हणतायत बाबा?"

"काय बोलणत नाय," सीताबाई तिला म्हणाल्या. "माजी बॅग काढ."