मुकी मोगरी

मोगरीवाल्याच्या खोलीची पाण्याकडची खिडकी कधी बंद नसायची. थंडीत नाक गळायला लागलं तरी नाही. बायको गेल्यापासून त्याच्याशी बोलायला जे काही यायचं ते त्याच खिडकीतून. खाडीच्या पलीकडे लाकडी होड्या बांधायची शेड होती, आणि तिथे त्याच्या धाकट्या बहिणीचा नवरा फळ्यांमधल्या फटी बुजवायचं काम करायचा. मोगरीवाला त्यांना भावोजी म्हणे.

काम दिसायला सोपं. दोन फळ्यांच्या मधे सुताचा पीळ ठेवायचा, त्यावर बोथट छिन्नी धरायची आणि मोगरीने, म्हणजे लाकडी हातोड्याने, ठोकून तो आत बसवायचा. पीळ सैल राहिला तर होडीत पाणी शिरतं. जास्त ठोकला तर तो फळीच उचलतो. पुरेसा बसला कधी, हे डोळ्यांना दिसत नाही. ते मोगरी सांगते. तिच्या लांब डोक्यात, दांड्याच्या दोन्ही बाजूंना, आरपार भेगा कापलेल्या असतात. फट रिकामी असेपर्यंत आवाज येतो 'ठप'. भरली की 'टण्ण'. भेग नीट कापलेली असेल तर हा टण्ण पाणी ओलांडून येतो. अशा भेगा कापणारा आता तो एकटाच उरला होता, आणि अशी मोगरी वापरणारे भावोजीही एकटेच.

रोज सकाळी कामाला लागण्याआधी भावोजी फळीवर एक सणसणीत ठोका द्यायचे. अर्थ एवढाच, की उठलात का मेव्हणे? मोगरीवाला हाताशी असेल ती मोगरी खिडकीच्या चौकटीवर आपटून उत्तर द्यायचा. बहिणीच्या लग्नापासूनची ही थट्टा. पुढे त्याचा सगळा दिवस त्या आवाजावर चालायचा. पलीकडे ठोके थांबले की हा चहा ठेवायचा.

हल्ली मात्र ऐकता ऐकता त्याचा रंधा थांबायचा. टण्ण आला, म्हणजे छिन्नी पुढे सरकायला हवी. पण पुन्हा टण्ण, पुन्हा टण्ण, त्याच जागी.

शेवटी एक दिवस तो होडीत बसून पलीकडे गेला.

बहीण दारातच भेटली. "आलास दादा? बरं झालं. यांना विचारलं चहा टाकू का, तर म्हणतात छत्री कोपऱ्यात आहे!" आणि तिने कानाकडे बोट केलं.

ते बोट भावोजींनी पाहिलं. "चांगलं ऐकू येतं मला. तुमची बहीणच तोंडातल्या तोंडात बोलते, मेव्हणे."

"मी? माझ्या ओरडण्यानं गल्ली गोळा होते, गल्ली!"

"आणि तुमचं ते सकाळचं उत्तर," भावोजी त्याच्याकडे वळून म्हणाले, "रोज ऐकतो की मी."

मोगरीवाल्याने मान डोलावली. गेला आठवडाभर तो तापाने पडून होता. एकदाही उत्तर दिलं नव्हतं.

दोघं शेडमध्ये गेले. मोगरीवाला होडीच्या अंगावरून बोट फिरवत चालला. एका जागी थांबला, भावोजींचं बोट धरलं आणि तिथे टेकवलं. फळीची कड नखाएवढी वर आली होती.

भावोजी ओंडक्यावर बसले. बराच वेळ छिन्नी पुसत राहिले. मग म्हणाले, "मालक म्हणतो, ही होडी कोरडी राहिली तर पुढचीही लाकडाची. नाहीतर शेड बंद." छिन्नी बाजूला ठेवून, "सांगणार त्याला?"

मोगरीवाल्याने मान हलवली. नाही.

"घरी बसून करू काय मी? ती बोलते आणि मी तिच्या ओठांकडे बघत बसतो, खुळ्यासारखा. इथं निदान हाताला कळतं काहीतरी."

परत येताना मोगरीवाल्याच्या डोक्यात तेवढंच राहिलं. हाताला कळतं.

घरी आल्यावर त्याने दोन फळ्या शेजारी शेजारी आवळल्या, कानात मेण लावलेला कापूस कोंबला आणि आपल्या मोगरीने फट भरायला घेतली. काहीच कळेना. सुरुवातीचा ठोका आणि शेवटचा ठोका हाताला सारखेच. मोगरी पुन्हा पुन्हा वळवून पाहिल्यावर त्याच्या लक्षात आलं, की भेगा धक्का गिळतात आणि त्याचा आवाज करतात. म्हणून तर दिवसभर ठोकूनही मनगट दुखत नाही. म्हणजे भेगा नसल्या तर धक्का हातात येईल.

आयुष्यभर ज्या भेगांचं कौतुक ऐकलं त्या न कापताच त्याने नवं डोकं घडवलं. टोकांना लोखंडी कड्या चढवल्या. पहिला दांडा जाड झाला. दुसरा कानशीने घासत घासत बारीक केला. मग ठोकून पाहिलं. रिकामी फट उशीवर मारल्यासारखी लागली. भरत आली तसा हात जड झाला, आणि भरली तेव्हा मनगटाला कुणीतरी उलट चापट मारावी तसा झटका बसला. तो एकटाच हसला.

मग कानातला कापूस काढून त्याने शेवटचा एक ठोका मारला. ठप. नुसतं ठप. दारापर्यंतही जाणार नाही असा आवाज.

मोगरी मांडीवर ठेवून तो खिडकीपाशी बसला. पलीकडून टण्ण, टण्ण येत होतं, खणखणीत. ही मोगरी माळ्यावर टाकली असती तर कुणाला पत्ताही लागला नसता. पलीकडचं थांबेपर्यंत तो ऐकत बसला. मग उठला आणि नव्या मोगरीला तेल चोळायला घेतलं.

ती घेऊन तो पुन्हा शेडमध्ये गेला, बहीणही मागोमाग आली. भावोजींनी फळी उचललेल्या जागचा पीळ उपसून काढला आणि नव्या मोगरीने पुन्हा भरायला घेतला. एका ठोक्याला त्यांचा हात आपोआप थांबला. त्यांनी डोळे मिटले, छिन्नी पुढे सरकवली, पुन्हा ठोकलं, पुन्हा बरोबर जागी थांबले.

"अहो मेव्हणे, ही तर बोलते!"

"कसली बोलते? मुकी आहे मेली," बहीण म्हणाली. ते त्यांना ऐकू गेलं नाही.

जुनी मोगरी त्यांनी मेव्हण्याच्या हातात दिली. "ही आता तुमच्याकडेच राहू दे. पण काय हो, या नवीचा आवाज येईल ना तुमच्या खिडकीपर्यंत? सकाळचा ठोका मी सोडणार नाही हं."

मोगरीवाला त्यांच्या तोंडासमोर आला आणि ओठ दिसतील असं सावकाश म्हणाला, "येईल की. न यायला काय झालं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी तो खिडकीत उभा राहिला. पाणी होतं, शेडचं छप्पर होतं. वारा आत येऊन रंध्याखालचा भुसा उडवत होता. पलीकडे दार उघडलेलं दिसलं, कुणीतरी आत गेलं. तो थोडा थांबला.

ठोका मारला असेल एव्हाना.

त्याने जुनी मोगरी उचलली आणि चौकटीवर उत्तर दिलं.