मेहुणा सोडून सर्वांना

वकीलबाईंनी प्रोग्रामच्या परवान्यातल्या एका ओळीवर बोट ठेवलं आणि पडदा माझ्याकडे वळवला.

'हा प्रोग्राम कोणीही वापरावा, वाटावा, बदलावा. माझा मेहुणा सोडून.'

मी हसलो. त्या हसल्या नाहीत.

ग्रंथालयातून निवृत्त झाल्यापासून मी मोफत सॉफ्टवेअर निवडून त्याचा एक संच करतो आणि तो इस्पितळांना पाठवतो. निवड बरोबर असते की नाही, याची मला कधीच खात्री नसते. पण हा प्रोग्राम हवाच होता. वाचा गेलेल्या माणसाने पडद्यावरच्या चित्राला बोट लावलं की यंत्र त्याच्या वतीने बोलतं. 'पाणी दे.' 'दुखतंय.' इस्पितळातल्या बाई त्यासाठी माझ्या मागे लागल्या होत्या.

"थट्टा आहे हो ती," मी म्हणालो.

"असेल. पण एकाला जरी मनाई असली, तरी ते सर्वांना खुलं नाही. आपण मात्र वेष्टनावर तसं छापतो. उद्या वारसाने दावा लावला तर पुढे वाटणारं प्रत्येक इस्पितळ अडकेल. त्या वारसाकडून परवानगी लिहून आणा, नाहीतर हा प्रोग्राम वगळा."

प्रोग्राम लिहिणारे वारले होते. मागोमाग त्यांची पत्नीही गेली. मूलबाळ नव्हतं. हक्क गेले होते त्या बाईंच्या भावाकडे. म्हणजे मेहुण्याकडेच.

फोनवर मला धड बोलता येत नाही, म्हणून मी थेट त्यांच्या दुकानात गेलो. संगणक दुरुस्तीचं दुकान. माझ्याच वयाचे गृहस्थ जुन्या टूथब्रशने एक कीबोर्ड साफ करत बसले होते. मी अडखळत सुरुवात केली.

"ती ओळ ना? पाठ आहे मला," ते म्हणाले. "बसा. त्या खुर्चीवर नको, पाय मोडलाय तिचा."

मी स्टुलावर टेकलो.

"मशीन विकताना मी दाजींचा प्रोग्राम आत घालून द्यायचो आणि त्याचे वेगळे पैसे लावायचो. त्यांना कळलं, तसे ताडकन उठून गेले. पुढच्याच आवृत्तीत ही ओळ. ताई म्हणायची, 'अरे, भांडायला तरी फोन कर. वाट बघतायत ते.' म्हटलं, मोठे ते आहेत, त्यांनी करावा. मी का नाक घासू?"

"मग?"

"मग काय! बायको आजारी पडली. तिची वाचा गेली."

ब्रश थांबला.

"प्रोग्राम त्या कपाटात होता. नाही लावला. मला बंदी होती ना! अक्षर न् अक्षर पाळलं. ती हवेत बोटाने काहीतरी काढायची, मी अंदाज बांधायचो. पाणी मागितलं की पांघरूण, पांघरूण मागितलं की दिवा. शेवटी तिने मागणंच सोडलं."

बंदी तुम्हाला होती, त्यांना नव्हती, हे अगदी माझ्या ओठांवर आलं. ओळ नीट वाचायची ही माझी जन्माची खोड. मी ते गिळलं.

"बंदी मला होती, तिला नव्हती," तेच म्हणाले. "एवढं कळत नव्हतं का मला? पण लावला असता, तर दाजी जिंकले असते."

मी परवानगीचा कागद पुढे केला. त्यांनी तो सावकाश वाचला.

"ओळ पार काढून टाकणार?"

"अट म्हणून काढावीच लागेल. पण जुन्या नोंदींत ठेवता येईल."

"ठेवा. दाजींनी माझ्याबद्दल दुसरं कुठे काही लिहिलेलं नाही."

त्यांनी सही केली. मग चष्मा पुसत विचारलं, "आता मला चालेल?"

मी माझा लॅपटॉप उघडून दिला. त्यांनी पेल्याच्या चित्राला बोट लावलं. 'पाणी दे,' यंत्र म्हणालं. मग पांघरूण. मग दिवा. एकेक करत त्यांनी सगळी चित्रं संपवली.

"तिचं एक यात नाही," ते म्हणाले.

"आता बदलता येतं. नवीन चित्र घालू. काय होतं ते?"

त्यांनी हवेत बोटाने एक मोठं वर्तुळ काढलं आणि त्याखाली एक छोटीशी आडवी रेघ. थांबले. पुन्हा काढलं.

"रोज काढायची," ते म्हणाले. "तुम्ही एवढं वाचलेले. काय असेल?"

मी पुन्हा काढायला सांगितलं. त्यांनी काढलं. मलाही ओळखता आलं नाही.